मातीची लहर

जनावरांचा डॉक्टर काढून घ्यायचा आणि त्याच्या बदल्यात गोठ्यागोठ्यात डबा टांगायचा, ही अक्कल नेमकी कुणाच्या टाळक्यात उगवली? वरच्या कचेरीत बसणाऱ्यांनो, तुम्हालाच विचारणं आहे. डॉक्टरची खुर्ची तुम्ही दोन वर्षं रिकामी ठेवलीत. गावानं अर्जावर अर्ज केले. ते तुम्ही वाचलेत हे खरं, कारण उत्तर आलं. उत्तर काय, तर खोक्यात भरलेले वीस डबे! आणि वर एक कागद: 'डब्यामुळे दूध वाढते. दूध वाढते म्हणजे जनावर निरोगी असते. सबब डॉक्टरची गरज उरलेली नाही.' वा रे तुमचं सबब! पाळण्यातलं पोर हसतंय, सबब गावाला सुईण नको, असंही उद्या लिहाल.

डबा होता तळहाताएवढा. पांढरा, गुळगुळीत, पुढं लाल दिवा मिणमिणणारा. आवाज म्हणाल तर काही नाही. साहेब जीपमधून उतरले, डबा हातावर तोलला आणि म्हणाले, "ह्याच्यातून लहर निघते. माणसाला ऐकू येत नाही, गाईला येते. लहर कानात गेली की दूध उतरतं."

गावानं माना डोलावल्या. गावाचं काय, साहेबांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट असला की गावाच्या माना आपोआप हलतात.

एक मान तेवढी हलली नाही. ती पणवहिनीची. हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लग्न ठरताना मुलगा पसंत आहे का, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "आहे, पण..." आणि ते 'पण' अजून संपलेलं नाही, असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा. तेव्हापासून अख्खा गाव तिला पणवहिनी म्हणत होता.

गेल्या साली तिच्या गाईचं वासरू पोटात आडवं आलं. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत तिनं कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. डॉक्टरच्या खोलीला कुलूप. गाय गेली, वासरूही गेलं. त्याच गाईची आधीची कालवड आता पहिलारू होती, पोट गाडग्यासारखं झालेलं, दीड-दोन महिन्यांत व्यायला येणार. त्यामुळे डॉक्टर ही वहिनीच्या लेखी अर्जातली मागणी नव्हती. तिच्या दावणीला बांधलेल्या जिवाचा प्रश्न होता तो.

"पण साहेब," ती म्हणाली, "दूध ह्या डब्यानंच वाढतं, हे कशावरून?"

"शेजारच्या गावात वाढलं. डबे लावले आणि महिन्यात वाढलं."

"त्याच महिन्यात हिरवा चारा आला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली असेल तर?"

साहेब हसले. अडाण्याकडे बघून शिकलेला माणूस हसतो, तसे. म्हणाले, "बाई, आमच्याकडे आकडे आहेत. डबा कुचकामी आहे असं वाटत असेल तर तुम्ही आकडे आणा. पुरावा आणा. मी स्वतः डॉक्टर नेमायच्या कागदावर सही करतो. काय?"

"चारचौघांत बोललात. लक्षात ठेवा."

"पन्नास जणांत बोललो," साहेब म्हणाले आणि जीप धुरळा उडवत निघून गेली.

गोठ्यागोठ्यात डबे टांगले गेले, आणि दुसऱ्या दिवशी घरी सासूनं वहिनीला उभी आडवी घेतली. "साहेबाच्या तोंडाला लागतेस? एवढा शिकलेला माणूस, टाय लावून आलेला!"

"आत्याबाई, टाय बैलाच्या गळ्यात बांधला म्हणून बैल साहेब होतो का?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला! मी सांगते तुला, डबा खरा आहे. काल टांगला आणि आज तांबडीनं अर्धा लिटर जास्त दिलं."

"काल तुम्ही तिला दोन वेळा पाणी दाखवलंत. एरवी एकदाच दाखवता."

"ते डब्यासाठीच दाखवलं! डब्याची गाय तहानलेली बरी दिसते का?"

वहिनीच्या डोक्यात मात्र काहीतरी टोचलं ते टोचलंच.

दुसऱ्या दिवशी तिनं तांबडीचा डबा काढून फडताळात ठेवला. म्हटलं, बघू दूध कमी होतं का. चार दिवसांत दूध दीड लिटरनं घटलं. सासूनं अख्ख्या आळीत टाळ्या पिटल्या. वहिनीचं तोंड एवढंसं झालं. पाचव्या दिवशी तांबडी दावं तोडून बैलामागं पळाली, तेव्हा कळलं की बाई माजावर आल्या होत्या.

"म्हणजे डबा गेला म्हणून नव्हे, मन गेलं म्हणून दूध गेलं," वहिनीचा नवरा म्हणाला.

"एका गाईवरून काही कळायचं नाही," वहिनी म्हणाली.

"शितावरून भाताची परीक्षा करतातच की."

"अहो, भात एका भांड्यात, एका जाळावर शिजलेला असतो. गाई वीस गोठ्यांतल्या. कुणी माजावर, कुणी आजारी, कुणाचा मालक आळशी. पुष्कळ गाई पाहिजेत, निम्म्या डब्याच्या, निम्म्या बिनडब्याच्या."

मग तिनं गाव फिरून सांगितलं, ज्यांना डबा ठेवायचा त्यांनी ठेवा, नको त्यांनी काढा, आपण दूध मोजू. तिथंही घोटाळा झाला. डबे ठेवले ते कुणी? गडगड्यासारख्यांनी. गडगड्या म्हणजे गावातला सगळ्यात मोठा आवाज आणि सगळ्यात धष्टपुष्ट गाई. तो साधं "बस" म्हणाला तरी समोरचा उठून उभा राहायचा. आणि डबे काढले कुणी? ज्यांना दिव्याची वात बदलायचाही कंटाळा, त्यांनी. त्यांच्या गाई डबा येण्याआधीही हाडकुळ्याच होत्या.

"बघा! डब्याच्या गाई दुप्पट दूध देतात!" गडगड्या डेअरीच्या ओट्यावरून गरजला.

"अरे, त्या आधीपासून दुप्पटच देतात!"

"मग आता डब्यानं देतात!"

आणि खरा घोटाळा त्याहून आतला होता. तो वहिनीला तिच्याच गोठ्यात सापडला. तांबडी ताळ्यावर आल्यावर तिनं डबा परत टांगला होता. एका सकाळी ती धार काढत बसली होती. कासेला शेवटच्या धारा उरल्या होत्या, त्या मूठ आवळून ओढून घ्याव्या लागतात, तेव्हाच निघतात. आणि तिची मूठ ढिली पडली. आपोआप. तिनं पाहिलं, समोर डबा लुकलुकतोय. तिनं हात तिथंच थांबवला. म्हणजे आपल्याला डबा खोटा ठरायला हवाय, तर आपला हातच डब्याच्या गाईचं दूध मागं ठेवतोय! आणि सासू धार काढायला बसते तेव्हा शेवटच्या थेंबाला गाईचे पाय लटपटेपर्यंत ओढते. दोघी एकाच गाईच्या धारेला, आणि दोघी खोटारड्या. मुद्दाम नव्हे, हातानं.

वहिनीला आधी स्वतःचा राग आला आणि मग एवढं हसू आलं की तांबडीनं मान वळवून बघितलं.

"भाऊजी," दुपारी ती दिराकडे गेली. दीर चौकात रेडिओ, पंखे, चार्जर दुरुस्त करायचा, दुकान म्हणजे एक टेबल आणि त्यावर तारांचं जंगल. "हा डबा उघडता येईल?"

"वहिनी, मी सासऱ्याची तिजोरी उघडून दिलीय. हा काय!" दोन स्क्रू फिरवले आणि डबा उघडला. आत एक छोटी बॅटरी, दिव्याची तार आणि तांब्याच्या तारेचं एक वेटोळं. "लहर असली तर ह्या वेटोळ्यात. बाकी नुसता दिवा आहे."

"वेटोळं काढलं तरी दिवा लागेल?"

"लागेल की."

"वजन?"

"तेवढ्या वजनाची माती भरतो. हातात घेऊन साहेबालासुद्धा कळायचं नाही." बोलता बोलता दिराचे डोळे चमकले. "म्हणजे निम्मे खरे, निम्मे मातीचे? आणि कुणालाच माहीत नाही कुठला कुठं?"

"कुणालाच नाही. मलासुद्धा नाही. माझ्या हाताचा मला भरवसा राहिला नाही."

"पण मला माहीत असणार ना."

वहिनीनं विचार केला. "मग तुम्ही तीन आठवडे सासुरवाडीला जा."

दिरानं आयुष्यात पहिल्यांदा वहिनीच्या पायांना हात लावला. त्याची सासू म्हणजे जावयाला ताटावरून उठू न देणारी बाई. "शास्त्रासाठी मी काहीही सोसायला तयार आहे," तो म्हणाला.

गाव जमवला. वहिनीनं उभं राहून सांगितलं. आधी एक आठवडा सगळे डबे काढायचे आणि नुसतं दूध मोजायचं, म्हणजे कोण किती देतं ते कळेल. मग तीन आठवडे वीस गोठ्यांत वीस डबे, एका गोठ्याला एक गाय. कुठला डबा कुठं जाणार ते कुणी ठरवायचं नाही, चिठ्ठी ठरवेल. डेअरीतला मापाडी मोजेल, त्यालाही काही ठाऊक नसेल.

"आणि डबा खरा निघाला तर?" गडगड्यानं विचारलं.

"तर मी वीस गोठे फिरून वीस डबे रोज पुसीन. आणि डॉक्टरचं नाव परत काढणार नाही." हे म्हणताना तिची नजर घराकडं गेली. घरी पहिलारू रवंथ करत उभी होती.

आठवडाभराचं माप वहीत उतरल्यावर दिरानं डब्यांवर एक ते वीस आकडे रंगवले, दहांत माती भरली, यादी लिहून पाकीट लाखेनं बंद केलं आणि त्याच दुपारी एसटी धरली. चिठ्ठ्या घागरीत घातल्या, एकेकानं हात घालून आपला आकडा काढला. पाकीट ठेवायचं कुणाकडं? सगळ्यांनी एका तोंडानं सासूचं नाव घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, आणि डब्यावर तिची एवढी श्रद्धा की सुनेच्या बाजूनं ती लबाडी करणं शक्य नव्हतं. पाकीट तिच्या ट्रंकेत गेलं, किल्ली तिच्या गळ्यात.

ह्यानंतरचे तीन आठवडे गाव जो चळला, तो बघायला पाहिजे होता.

वहिनीच्या ज्या सासूला सकाळी कुणी "कशी आहेस" विचारत नव्हतं, तिच्या दारात रांग लागली. कुणी पाय दाबतंय, कुणी कपबशी घेऊन उभं. "काकी, नुसतं एवढं सांगा, सात नंबर खरा का?" काकी डोळे मिटून म्हणायची, "डाव्या पोटरीला जरा जोर लाव." माहिती तिला काडीची नव्हती, पण पोटऱ्या बघता बघता मऊ झाल्या.

गडगड्याचा डबा तेरा नंबरचा. त्यानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "माझा खरा! गाय दिव्याकडे बघून कान हलवते!"

"माशी बसली असेल," मापाडी म्हणाला.

"माशी दुसऱ्यांच्या गोठ्यात! माझा गोठा मी तीनदा धुतो आता. लहर घाणीत अडकते."

हे "लहर घाणीत अडकते" त्याचं त्यानंच काढलेलं शास्त्र. पण दोन दिवसांत ते सगळ्या गावाचं झालं. ज्या गोठ्यांत शेण गुडघ्याला लागायचं, तिथं फरशी दिसायला लागली. कुणीतरी उठवलं की डबा ऐकतो आणि कचेरीत कळवतो. झालं, गाईला शिव्या देणं बंद. गडगड्या गाईशी असा हळू बोलायला लागला की त्याच्या बायकोनं भिंतीआडून ऐकलं आणि आठवडाभर बोलली नाही. "मला वीस वर्षांत कधी 'राणी' म्हणाला नाही!" आणि दुपारी चारच्या ठोक्याला अख्ख्या गावाच्या गाई हौदावर. कारण कागदात लिहिलं होतं, पाणी वेळेवर दाखवावे.

वहिनी रोज संध्याकाळी डेअरीत जाऊन मापाड्याची वही बघायची. दूध चढत होतं. सगळ्यांचंच. ती बेरीज पुन्हा पुन्हा करून बघायची. तिनं तर मनात धरलं होतं की दूध तिथल्या तिथं राहील.

"हरलीस," नवरा म्हणाला. त्याचा स्वर चिडवण्याचा नव्हता. त्यालाही पहिलारू दिसत होती.

"अजून पाकीट फुटायचंय."

"पण दूध वाढलं ना."

"आता तुम्ही पण म्हणायला लागलात?"

तिसरा आठवडा संपला. साहेबांना निरोप गेला होता. जीप दुपारी आली, साहेब गॉगल काढून खुर्चीवर बसले. दीर सासुरवाडीहून आला तो दुसऱ्याची विजार घालून, स्वतःची कमरेला बसत नव्हती. सासूनं किल्ली काढली, ट्रंक उघडली, लाख सगळ्यांना दाखवली. मग मापाड्यानं पाकीट फोडून वाचायला सुरुवात केली.

"एक नंबर, खरा. दोन, माती. तीन, माती..."

प्रत्येक आकड्याला कुणी ओरडत होतं, कुणी डोक्याला हात लावत होतं.

"तेरा नंबर."

गडगड्या छाती काढून उठला.

"माती."

आयुष्यात पहिल्यांदा गडगड्याचा आवाज बसला. "पण कान हलवत होती..." तो पुटपुटला. त्याची बायको एवढी हसली की तिला दोघींनी धरून बसवलं.

सासूच्या तांबडीचा नऊ नंबर. तोही मातीचा. सासू ट्रंकेवर मटकन बसली. "तीन आठवडे मी मातीला पदरानं पुसत होते?"

मापाड्यानं बेरजा वाचल्या. खऱ्या डब्यांच्या दहा गाई मिळून आधी रोजचं बासष्ट लिटर, शेवटी सत्तर. मातीच्या डब्यांच्या दहा गाई मिळून आधी एकसष्ट, शेवटी सत्तर.

मग गडगड्याला एकदम आवाज फुटला. "म्हणजे माती जास्त भारी! मातीनं नऊ वाढवलं, लहरीनं आठ!"

"नाही हो," वहिनी म्हणाली. "एका लिटरनं काही ठरत नाही. एखादी गाय शिंकली तरी तेवढा फरक पडतो. दोन्हीकडे सारखंच, एवढंच म्हणता येईल."

साहेब टाळ्या वाजवत उठले. "छान! शेवटी दूध वाढलंच ना? मी तेच म्हणत होतो. डबे आले, दूध वाढलं. अभिनंदन, बाई."

"मी चुकले, ते आधी सांगते," वहिनी म्हणाली. "मला वाटलं होतं दूध वाढणारच नाही. वाढलं. पण साहेब, मातीच्या गाईंनी कुठली लहर ऐकली?"

"त्यांना... म्हणजे... वातावरण. शेजारच्या गोठ्यातून लहर गेली असेल."

"असेल. मग एका आळीत सगळे खरे आणि लांबच्या आळीत सगळे मातीचे टांगून पुन्हा करू. मी तयार आहे. मला वाटतं गोठे धुतले, पाणी वेळेवर मिळालं, शिव्या थांबल्या, त्यानं वाढलं. पण तेही नुसतं वाटणं आहे, ते अजून तपासलेलं नाही. तपासू. नाहीतर आमच्या मोजणीत कुठं चूक झाली, तेवढं बोट ठेवून दाखवा. चिठ्ठीत? मापात? यादीत?"

साहेबांनी चिठ्ठ्यांची घागर बघितली. मापाड्याची वही बघितली. मग घड्याळ बघितलं. घड्याळात चूक सापडली बहुतेक, कारण ते म्हणाले, "उशीर झाला. वरिष्ठांशी बोलून कळवतो." आणि सरळ जीपमध्ये जाऊन बसले.

ड्रायव्हरनं गाडी चालू केली, आणि तेवढ्यात चार वाजले.

कुणी हाकारलं नाही, कुणी सोडायला गेलं नाही. तीन आठवड्यांच्या सवयीनं गाईंनीच दावी झटकली आणि हौदाकडे निघाल्या. वाट एकच, तिच्यात मधोमध जीप. पुढून गाई, मागून गाई, एकीनं आरशाला अंग घासलं, तांबडीनं बॉनेटवर हनुवटी टेकवली. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. गाईंनी कान हलवले, जागच्या हलल्या नाहीत.

"बाजूला घ्या की ह्यांना!" साहेब ओरडले.

"हळू बोला साहेब," गडगड्या कळवळून म्हणाला. "पान्हा चोरतील."

गाव हसून हसून लोळत होता. सासू डोळे पुसत होती. अन् ह्या सगळ्या गदारोळातून, शिंगांमधून वाट काढत, पणवहिनी जीपच्या खिडकीशी आली. तिच्या मागं दोरीला पहिलारू होती. पोट खाली उतरलेलं, चालताना दोन्ही बाजूंना हेलकावणारं. आता आठ दिवस, फार तर दहा. वहिनी हसत नव्हती. तिनं मापाड्याची वही खिडकीतून आत साहेबांच्या मांडीवर ठेवली आणि त्यावर कोरा कागद ठेवला.

"तुम्ही पुरावा मागितलात, तो मांडीवर आहे. पन्नास जणांत सही कबूल केलीत, ते पन्नास इथं उभे आहेत. वरिष्ठांना काय सांगायचं ते सांगा. पण ही गाय वरिष्ठांची वाट बघायला थांबणार नाही. साहेब, डॉक्टर कुठल्या तारखेला येतो? तारीख लिहा."